एक चष्मा कमी पडला

अकोला
२९ ऑक्टोबर २०२२

प्रिय रागिणीताई,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. काल कुलदीपभाऊजींनी उचलला, पण "दवाखान्यात आहो" एवढंच बोलून ठेवून दिला. आई सकाळपासून तीनदा विचारून गेली, पोरगी कशी आहे म्हणून. मी तिला सांगितलं, डोळ्यात कचरा गेला असेल, होईल बरं.

ताई, घाबरू नकोस. मंगळवारी ग्रहण पाहायला तुमच्या गच्चीवर कॉलनीतली चाळीस मुलं होती. बाकी कोणालाच काही झालं नाही. एकट्या अपेक्षालाच डाग दिसतो आहे, याचा अर्थ तूच लाव. दहा वर्षांचं पोर आहे. एखाद वेळी चष्मा बाजूला सारून पाहिलं असेल. मी तिच्यावर रागावलेलो नाही, तूही रागावू नकोस. फक्त तिला विचार. नीट विचार.

डॉक्टरांना चष्मा पाहायचा आहे, असं तू मेसेजमध्ये लिहिलं होतंस. त्या संध्याकाळी मी सगळ्यांचे चष्मे गोळा करून पिशवीत भरले, त्यात तिचाही आला. तो या पाकिटात पाठवतो. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला स्केचपेननं तिचं नाव आहे. डॉक्टर काळी फिल्म तपासून सांगतील.

मी पंधरा वर्षं शाळाशाळांत फिरतो आहे. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, फुगे, चुंबकं. त्यातून मुलांच्या हातानं खेळणी करवून घेतो. आजवर एका मुलाला खरचटलं नाही, हे तुला माहीत आहे.

तुमच्या खालच्या चंदाकाकू काय बोलत असतील ते मला इथे बसून ऐकू येतं. त्या दारं-खिडक्या लावून बसल्या होत्या आणि आपण त्यांच्या डोक्यावर नाचत होतो. आता 'बाधलं' म्हणतील. त्यांच्यापुढे मान खाली घालू नकोस. आपले बाबा प्रत्येक ग्रहणाला मुद्दाम अंगणात ताट घेऊन बसायचे, ते आठव.

अपेक्षाला गोड पापा.

तुझा
ललित


अकोला
१८ डिसेंबर २०२२

ताई,

तुझ्या दारातून परत आलो त्याला आज पंधरा दिवस झाले. राग ओसरला असेल म्हणून लिहितो.

दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या मधोमध भाजल्यासारखं झालंय, थोडं सुधारेल, पूर्ण नाही, हे डॉक्टरांचं बोलणं ऐकून मलाही रात्री झोप नाही. पण त्याच डॉक्टरांनी चष्मा उजेडात धरून सांगितलं की फिल्म बरोबर आहे, यातून इजा व्हायची नाही. हे मी म्हटलेलं नाही. त्यांनी म्हटलं.

भाऊजींनी तिला मारायला नको होतं. मी तसं म्हणणारच होतो. सगळं इतक्या लवकर झालं.

"खरं सांग, काढला होता का नाई चष्मा?"

"नाई काढला, बाबा."

"मंग डॉक्टर खोटं बोलून राहिले का?"

"मले नाई मालूम. मामानं सांगतलं तसंच पायलं मी. दर दहा मिनिटांनी चित्र काढलं. वही पाहा ना."

तिनं वही आणायला पाठ वळवली आणि त्यांना वाटलं, ती उत्तर टाळते आहे. पाठीतच बसली तिला. वही खाली पडली. मी सोफ्यावर होतो, हातात चहाचा कप होता. कप ठेवून उठेपर्यंत तू तिला आत नेलं होतंस. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, की माझ्या शेजारच्या कपाटाकडे, मला कळलं नाही. आता तिला समोरचं पाहायचं तर मान वळवावी लागते.

दारात तू जे बोललीस ते मी आईला सांगितलं नाही. "माही पोरगी खोटं नाई बोलत, ललित. तुह्या चष्म्याचं काय झालं ते मले मालूम नाई. पण तू आता येऊ नको." सख्ख्या भावाला असं बोलावं लागलं म्हणजे तू किती दुखावली असशील, हे मी समजू शकतो. पण जरा माझ्या बाजूनंही विचार कर. उद्या लोक म्हणाले की ग्रहणाच्या चष्म्यानं पोरीचे डोळे गेले, तर या जिल्ह्यात पुन्हा एकही आईबाप मुलांना ग्रहण पाहू देणार नाही. चंदाकाकू जिंकतील. प्रश्न माझ्या नावाचा नाही.

ललित


अकोला
२ जुलै २०२३

ताई,

पार्सल परत आलं. वर तुझं अक्षर होतं, 'घेतले नाही'. पोस्टात नोकरी करणाऱ्या बाईला पार्सल परत करायचा नियम कोण शिकवणार. आत काही विशेष नव्हतं. पाण्याच्या बाटलीत खालीवर होणारा पाणबुड्या, चुंबकावर तरंगणारी पेन्सिल, आणि मोठ्या अक्षरांतली खेळण्यांची वही. हातांना कळतील अशीच खेळणी निवडली होती.

अपेक्षाला पहिल्या बाकावर बसवूनही फळा दिसत नाही, हे मला शेजारच्या अमोलकडून कळलं. तो कामानिमित्त तुमच्या कॉलनीत जातो. मुलं तिला चिडवतात, असंही म्हणाला. काय म्हणून चिडवतात, ते मी विचारलं नाही.

माझं काम चालू आहे. उलट वाढलंय. आता प्रत्येक शाळेत सुरुवातीलाच सुरक्षेवर दहा मिनिटं बोलतो. उदाहरण म्हणून एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. मुलं एकदम शांत होतात.

आईचा गुडघा फार सुजलाय. डॉक्टरांनी जुना एक्स-रे आणायला सांगितला होता. घरभर शोधला, सापडला नाही. नवा काढला. आई त्याबद्दल काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे पाहते.

तिला तुझी आठवण येते. एकदा येऊन जा. मी घरी नसेन अशा दिवशी ये हवं तर.

ललित


अकोला
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

आईला जाऊन आज नववा दिवस. तू आलीस, सगळं केलंस, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता दुपारच्या गाडीनं गेलीस. माझी तक्रार नाही.

अपेक्षा किती उंच झाली. आईजवळ बसून तिनं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. बायांना वाटलं, माया करते आहे. तिला आजीचा चेहरा दिसत नव्हता म्हणून ती हातानं पाहत होती. हे तिथं आपल्या दोघांनाच कळलं.

शेवटच्या सकाळी आईला तुझ्याशी फोनवर बोलायचं होतं. नेटवर्क नव्हतं. राहून गेलं.

तिची नऊवारी पातळं आणि चांदीची वाळी तुझ्यासाठी ठेवली आहेत.

ललित


अकोला
१७ जानेवारी २०२६

ताई,

हे पत्र फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

गेल्या मंगळवारी अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत होतो. नेहमीप्रमाणे सुरुवातीला वहीचा नियम सांगितला, स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मग ती गोष्ट. एक मुलगी होती, तिला मामानं बजावलं होतं, चष्मा काढू नको, तिनं काढला, आता तिला पुस्तक वाचता येत नाही. तीन वर्षांत ही गोष्ट मी साठ-सत्तर शाळांत सांगितली असेल. सांगून सांगून तिच्यात बारकावे आले होते. ती कशी हळूच हसली, कसा चष्मा कपाळावर सरकवला, हेही मी सांगायला लागलो होतो.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दीक्षा नाव होतं, सहावीतली.

"सर, तिनं चष्मा काढला हे तुमी सोताच्या डोळ्यानं पायलं का?"

मी म्हटलं, "नाही, पण तेच झालं असणार."

"पण तुमीच सांगतलं ना आत्ता, पायल्याबिगर लिहायचं नाई म्हणून?"

वर्ग हसला. मास्तर तिला दटावू लागले. मी फुगा फुगवायला घेतला आणि तो हातातून सुटला. पुढचा तास मी कसा काढला, आठवत नाही.

मी पाहिलं नव्हतं, ताई. तिनं काढलाच नव्हता.

आता जे झालं ते सांगतो. चष्मे मी चाळीस आणले होते, आणि गच्चीवर अपेक्षाला धरून एकेचाळीस मुलं झाली. एक कमी पडला. बाहेरच्या मुलांना देऊन झालं आणि आपलीच तेवढी राहिली. माझ्या पिशवीत आईच्या गुडघ्याचा एक्स-रे होता. तुमच्या अमरावतीच्या हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला आईनं माझ्याजवळ दिलेला. त्याच्या कडेचा काळा भाग कापला, दोन पदर केले, पुठ्ठ्यावर चिकटवले. पाच मिनिटांचं काम. त्यातून सूर्य लालसर, मंद दिसला. मी मनाशी म्हटलं, चालते. घरच्या पोरीला काहीही चालते. दुसऱ्या कोणाच्या मुलाला मी तो दिला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. एक्स-रेची फिल्म वापरायची नाही, ती उजेड अडवते पण डोळ्याला न दिसणारा ताप अडवेलच असं नाही, हे त्याच दुपारी, त्याच गच्चीवर, मी मुलांना माझ्या तोंडानं सांगितलं होतं. अपेक्षा तेव्हा खाली पाणी आणायला गेली होती.

आणि माझ्या खिशात एक लहान आरसा होता. भोक पाडलेला कागद त्यावर लावून तो उन्हात धरला असता, तर समोरच्या टाकीवर सूर्याचं चित्र पडलं असतं, सगळ्यांना एकदम दिसलं असतं, वर पाहायची गरज नव्हती. हा प्रयोग मी शंभर वेळा केला आहे. पण मुलांना चष्मे आवडतात, आणि मला चष्मे घातलेल्या मुलांचे फोटो हवे होते.

बाकीची मुलं दोन-दोन मिनिटं पाहून खेळायला पळाली. अपेक्षा थांबली, कारण मी तिला वही दिली होती. "दर दहा मिनिटांनी नीट निरखून चित्र काढ, खरी शास्त्रज्ञ आहेस तू." तिनं सूर्य मावळेपर्यंत निरखलं. माझं सगळ्यात जास्त ऐकलं म्हणून तिचेच डोळे गेले.

सकाळी ती म्हणाली, "मामा, भिंतीवर काळा ठिपका आहे का?" मला त्याच क्षणी कळलं. मी तुला काही बोललो नाही. दुपारच्या बसनं अकोल्याला आलो. तिचा चष्मा चुलीत जाळला. दुसऱ्या एका चांगल्या चष्म्यावर डाव्या हातानं, लहान मुलाच्या अक्षरासारखं 'अपेक्षा' लिहिलं आणि तुला पाठवला. डॉक्टरांनी तो पाहिला. भाऊजींनी तिला मारलं ते त्याच्या जोरावर. मी चहा घेत होतो. उठायला वेळ मिळाला नाही हे खोटं आहे. मी उठलोच नाही.

आईला कळलं होतं. एक्स-रे सापडेना तेव्हा तिनं मला एकदाच विचारलं, "माह्या गुडघ्यातून पायलं का रे पोरीनं?" मी कपाटात पुन्हा एक्स-रे शोधायला लागलो. त्यानंतर तिनं माझ्या हातचं पाणीसुद्धा मागून घेतलं नाही. स्वतः उठायची, दुखऱ्या पायानं. मला वाचवायला ती गप्प राहिली आणि त्यासाठी मला तिनं माफ केलं नाही. शेवटच्या सकाळी तिला तुला हेच सांगायचं होतं. नेटवर्क होतं, ताई.

विज्ञानासाठी गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच आहे की मी घाबरलो, आणि रोज थोडा थोडा घाबरत राहिलो.

माफी मागत नाही. हे पत्र भाऊजींना दाखव. पोलिसांत द्यायचं तर दे, खाली सही केली आहे.

ललित देवमन इंगळे


अकोला
१० फेब्रुवारी २०२६

ताई,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं, 'ये. तिच्यासमोर बोल.' म्हणून मी रविवारी आलो. तू होतीसच. पण शेवटी अपेक्षानं तुला बाहेर जायला सांगितलं, आणि सोमवारी शाळेत तू नव्हतीस. त्या दोन्ही वेळी काय झालं ते तुला कळायला हवं. ती स्वतः सांगणार नाही.

मी सगळं बोललो तेव्हा भाऊजी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले, ते तू पाहिलंस. पाणी वाहत होतं आणि तू ते बंद करायला गेली नाहीस. अपेक्षा म्हणाली, "आई, तू जाय. मले मामाले एकटीनं विचारायचं आहे."

मला वाटलं, आता ती रडेल, नाही तर ओरडेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. ती पलंगावर मांडी घालून बसली, मान वळवून मला नजरेच्या कडेत आणलं आणि म्हणाली,

"मले दुखलं काऊन नाई?"

मी गोंधळलो.

"भाजलं म्हणते डॉक्टर. मंग दुखलं पायजे ना. चटका बसला की हात मागं येते. मी तासभर पाहून राहिली होती, मले काईच झालं नाई. काऊन?"

तीन वर्षं ती हे विचारायला थांबली होती, ताई. इतरांना विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोरगी पुन्हा कबूल करायचं टाळते.

मी सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नाही, तिथं ती नसच नसते. तो भाजतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. म्हणूनच आधी सांगावं लागतं.



"म्हणजे मले तवा मालूम पडूच शकत नव्हतं."

"नाही."

"तुलेच मालूम होतं फक्त."

"हो."

"अन् मंग शाळेत सारे मले खोटारडी म्हणत, तेबी तुले मालूम होतं?"

अमोलनं चिडवण्याचं सांगितलं होतं तेव्हा मी विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं, असं होत नाही. मी हो म्हटलं.

"उद्या शाळेत ये," ती म्हणाली. "माह्या वर्गात सांग. जसं आत्ता सांगतलं तसं. त्यातलं काई कमी नको करू."

सोमवारी मी गेलो. त्यांच्या वर्गशिक्षिका गीतांजली मॅडम आधी तयार नव्हत्या. म्हणाल्या, मुलांसमोर कशाला, मला सांगितलंत ते पुरे. मी म्हटलं, तिनं वर्ग म्हटलंय. अपेक्षा पहिल्या बाकावर बसली होती, वही उघडून, माझ्याकडे न पाहता.

मी उभ्या उभ्या सांगितलं. चष्मा कमी पडला, घरची म्हणून तिला खराब दिला, तो जाळला, दुसरा पाठवला, तिच्यासारखं अक्षर काढलं. ती खोटं बोलली नव्हती, मी बोललो होतो. चाळीस-पन्नास मुलं होती. एकही हललं नाही.  तिला चिडवणारी मुलं कोणती ते मला माहीत नाही. दोघं-तिघं खाली पाहत होते, एवढं दिसलं.

त्यानंतर काय करायचं, ते कोणालाच कळेना. गीतांजली मॅडमना ती शांतता सहन झाली नसावी. चांगल्या मनाच्या बाई आहेत. हसून म्हणाल्या, "सर, आलाच आहात तर मुलांना एखादं खेळणं करून दाखवा ना. कागदाचंही चालेल. तेवढंच वातावरण..." त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून माझ्यापुढे धरलासुद्धा.

आणि ताई, मी तो घेतला. हात सवयीनंच पुढे गेला. पहिली घडी घातली.

अपेक्षा बाकावरून उठली.

"नको मॅडम," ती म्हणाली. "त्याईले जाऊ द्या."

मामा म्हणाली नाही. त्याईले म्हणाली, पाव्हण्याला म्हणतात तसं, नीट, आदरानं. आवाज चढला नव्हता. मग खाली बसली आणि मॅडमना विचारलं, शनिवारी कोणता धडा राहिला होता.

मी कागद टेबलावर ठेवला. दाराबाहेर चपला घालत होतो तेव्हा आतून शेजारची मुलगी तिला धडा मोठ्यानं वाचून दाखवत होती. अपेक्षा मध्येच तिला थांबवायची, "परत वाच," म्हणायची, आणि ती परत वाचायची.

ललित